माणसं दिसतील अशा कादंबऱ्या

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी दर महिन्याला एक कादंबरी वाचून तिच्यावर बोलतो. आता स्वतःची ओळख, स्वातंत्र्य आणि समाज यांविषयीच्या अलीकडच्या कादंबऱ्या घ्यायच्या आहेत. पण अशा पुस्तकांत माणसं कमी आणि मतं जास्त असतात, असं एकीचं म्हणणं आहे. सुरुवात कशाने करावी?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच आधी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घ्या. घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा या भावाबहिणीचं, दोघांचंही प्रेम जडतं. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते आणि एकटी परतते. घर हादरतं, तिला सावरायची धडपड सुरू होते. तनयचंही माणूस गेलेलंच असतं, पण त्याचं दुःख घरात कुणाला सांगता येत नाही. तो सगळं त्या निघून गेलेल्यालाच सांगत राहतो. समाजाविषयी व्याख्यान कुठेच नाही. कुणाला उघड रडता येतं आणि कुणाला नाही, एवढ्यातूनच सगळं कळतं. तनयचा भाग संपला की थांबा, आपसांत बोला, मगच अनुजाची डायरी उघडा.

त्यानंतर गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ (२०१८), जमल्यास मूळ हिंदीतून. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२चं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं, पण मी ती सुचवते आहे मायलेकींसाठी. नवरा गेल्यावर ऐंशीची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग उठते, आणि कुणाचंच ऐकेनाशी होते. लेक स्वतःच्या मर्जीने वेगळी राहणारी. आई तिच्याकडे येते, तृतीयपंथी रोझीशी मैत्री वाढवते, आणि लेकच काळजी करणारी, धास्तावणारी होत जाते. मोकळं जगणाऱ्या बाईला आईचं मोकळेपण का झेपू नये? यावर तुम्ही तासभर बोलाल. सुरुवातीची पानं रेंगाळतात, तरी सोडू नका.

कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) मात्र चुकवू नका. आदिवासी भागातल्या महिला सरपंचांना कायद्याने खुर्ची मिळते, पण तोंड उघडायची किंमत प्रत्येकीला वेगळी मोजावी लागते.

दक्षिण कोरियाच्या लेखिका हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ थोर आहे, पण तिच्यात मारहाण आणि शरीराची परवड फार आहे. ती नंतर घ्या, आणि जिला नको असेल तिला त्या महिन्यात सुट्टी द्या.