हार्डडिस्कवाला डीव्हीडी रेकॉर्डर जुन्या संगणकाच्या भागांनी दुरुस्त होईल का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: ऐरोलीच्या घरातला रेकॉर्डर चालू केला की समोरच्या पट्टीवर अक्षरं येतात, आतून थोडी घरघर होते आणि तो बंद पडतो. आतल्या हार्डडिस्कवर मुलीच्या बारशाचं चित्रण आहे, दुसरीकडे कुठेही नाही. माळ्यावर पेंटियम ४ चा जुना संगणक आहे, त्याचे भाग चालतील का, असं विचारलंय.

चालतील. फक्त रेकॉर्डरपेक्षा ते चित्रण मोलाचं आहे हे धरून कामाला लागा. डिस्क ओळखता आली नाही तर रेकॉर्डर ‘फॉरमॅट करू का?’ (म्हणजे पुसून नव्याने तयार करू का) असं विचारतो. तिथे ‘हो’ दाबायचं नाही, कोणी मेकॅनिकने सांगितलं तरी नाही.

तुम्ही सांगताय त्या लक्षणांत मला आधी पॉवर सप्लायचा संशय येतो. ही यंत्रं वर्षानुवर्षं स्टँडबायवर राहतात, सप्लाय सतत गरम असतो आणि त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) हळूहळू सुकतात. स्टँडबायचा भार ते पेलतात, पण डिस्क फिरायला लागताना विजेची ओढ वाढली की व्होल्टेज खाली बसतं. माझ्या ठाण्याच्या घरातला रेकॉर्डर असाच बंद पडला होता. झाकण काढलं तर ५ व्होल्टच्या वाटेवरचे १००० मायक्रोफॅरॅडचे (हे साठवणक्षमतेचं माप) दोन कपॅसिटर माथ्याशी फुगलेले, एकाच्या खाचेतून तपकिरी चिकट द्रव बाहेर येऊन वाळलेला. तेवढे दोन बदलले आणि यंत्र उभं राहिलं.

झाकण उघडण्याआधी प्लग काढा. सप्लायमधला मोठा, ४०० व्होल्ट लिहिलेला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतो. मल्टिमीटरने तो शून्याजवळ आल्याचं पाहिल्याशिवाय तिथे बोट नको. नवे कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमान सोसणारे, कमी ईएसआरचे (आतला विरोध कमी असलेले) मागा. ८५ अंशांचे घेऊ नका.

संगणकाचा पहिला उपयोग इथेच आहे. त्याचा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायचा डबा) बाहेर काढा, वीज बंद असताना मोठ्या प्लगमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडा. मग स्विच लावला की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. त्याचा चार पिनांचा प्लग (पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या) रेकॉर्डरच्या डिस्कला लावा, रुंद रिबन केबल होती तशीच ठेवा. आधी एसएमपीएस चालू करा, मग रेकॉर्डर. आता नीट चालला तर डिस्क निर्दोष आहे आणि दोष सप्लायचाच.

तरीही डिस्क टकटक करत असेल तर रेकॉर्डर लगेच बंद करा आणि ती डिस्क पेंटियममध्ये लावा. नव्या मदरबोर्डांवर आयडीई केबलची (तीच रुंद रिबन केबल) जागाच नसते, म्हणून ते जुनं धूड आता कामाचं. विंडोज लावू नका. ते अनोळखी डिस्क ‘इनिशियलाइझ’ (नव्याने मांडणी) करायला सांगतं. लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (संगणकात न बसवता थेट सीडीवरून चालणारं लिनक्स) ‘डीडीरेस्क्यू’ या डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने सगळी डिस्क सेक्टर-सेक्टर दुसऱ्या, शक्यतो तेवढ्याच क्षमतेच्या डिस्कवर उतरवून घ्या. कुठून कुठे उतरवायचं ते मॉडेल नंबर वाचून दोनदा तपासा. उलटं झालं की संपलं. मग ती प्रत, जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) जुन्या डिस्कसारखाच ठेवून, रेकॉर्डरमध्ये बसवा. सगळीच यंत्रं ती स्वीकारत नाहीत. पायोनियरच्या बऱ्याच मॉडेलांना नव्या डिस्कसाठी मेकॅनिकसाठीची खास सर्व्हिस डिस्क आणि सर्व्हिस रिमोट लागतो. प्रत हातात असेल तर निदान चित्रण तरी सुरक्षित राहील.

डीव्हीडी रायटरचं थोडक्यात: मागे ४० पिनांची रुंद केबल आणि तोच चार पिनांचा प्लग असेल तर संगणकातला आयडीई रायटर लावून बघायला हरकत नाही. बारीक चपटी केबल असेल तर तो नाद सोडा. काही रेकॉर्डर आपल्याच ठरावीक ड्राइव्हला ओळखतात, तेव्हा लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं एवढंच आपल्या हाती. खाडीकाठच्या दमट हवेत केबलच्या पिनाही काळवंडतात. एकदा काढून परत घट्ट बसवा, कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

कपॅसिटर तुमच्या भागात मिळाले नाहीत तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठा: ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची धीमी लोकल पकडून ग्रँट रोड. जुना कपॅसिटर सोबत न्या, उंची आणि जाडी जुळायला हवी.

यंत्र चालू झालं की त्याच दिवशी बारसं डीव्हीडीवर उतरवा आणि ती डिस्क मेनूतून ‘फायनलाइझ’ करा (म्हणजे रेकॉर्डिंग पूर्ण करून बंद करा), नाहीतर दुसऱ्या बऱ्याच प्लेअरवर ती दिसणार नाही.