पल्पला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : मी कर्वेनगरला लहान मुलांना कागदकाम शिकवते. साहित्याच्या यादीत मी 'कागदाचा पल्प' लिहिलं, तर एका मुलाच्या आजी म्हणाल्या, "अहो बाई, लगदा लिहा की!" त्यावर मुलांचा प्रश्न, मग आंब्याच्या पल्पलाही लगदा म्हणायचं का? गर, लगदा, कोळ, चोथा हे सगळं एकच का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : एकच मुळीच नाही, आणि आजींचं म्हणणं अगदी रास्त आहे. मऊ पदार्थ दिसला की आपली भाषा आधी विचारते, हा असा झाला कसा? गर फळात आपसूक असतो. आंब्याचा गर, पपईचा गर, महाशिवरात्रीच्या सुमारास मंडईत कवठं येतात त्यांचा गर. लगदा मात्र करावा लागतो किंवा होतो. भिजवून, कुटून, चेंगरून. मूळ वस्तूचा आकार त्यात उरत नाही. त्यामुळे मुलांना सांगा, आंब्याच्या सालीआड असतो तो गर, आणि तोच आंबा पिशवीच्या तळाशी बटाट्यांखाली सापडला तर त्याचा लगदा.

मुलांना हे हाताने दाखवायचं असेल तर चिंच घ्या. टरफल काढलं की गर. तो कोमट पाण्यात भिजवून बोटांनी कोळला की कोळ. इथे क्रियापदच नाम होऊन बसलंय. गाळणीत शिरा आणि दोरे उरतात तो चोथा. राहिला चिंचोका. तो भाजून, दळून, पाण्यात शिजवला की खळ तयार होते. घोंगडीला ताठपणा येतो तो या खळीने. एका चिंचेतून चार शब्द निघाले, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आमटीत चोथा घाला म्हटलं तर घरात कुणी ऐकून घेणार नाही! उसाचा रस काढून उरतं त्याला मात्र चिपाड असा खास शब्द आहे.

आता तुमच्या कामाचं. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर भिजवा, पाणी पिळून टाका आणि भिजवलेल्या मेथ्यांबरोबर वाटा. मेथ्यांच्या बुळबुळीतपणामुळे कागद धरून राहतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. आपल्याकडच्या बायका हाच लगदा पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करत आल्या आहेत, जुनी सुपं-टोपल्याही त्यानेच लिंपत आल्या आहेत. शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. हातकागदासाठी सुती चिंध्या कातरून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात, तो हौदात पातळ करून जाळीच्या चौकटीवर उचलतात. पाणी खाली निथळतं, वर राहतो तो ओला कागद. मुलांना हे कळलं की 'लगदा' शब्द पाठ करून घ्यावा लागणार नाही.

विशेषणांचीही चंगळ आहे. टोमॅटो पिलपिलीत, भेंडी बुळबुळीत, बरका फणस गिळगिळीत, पावसातला रस्ता रबरबीत. हे शब्द मुलांच्या तोंडी राहावेत असं मला फार वाटतं. सगळ्याला 'सॉफ्ट' म्हणणाऱ्या मुलाला गिळगिळीत आणि लुसलुशीत यांतला फरक सांगायचा तरी कसा?

प्रश्न : गुरगुट्या भात आणि गिचका भात यांत फरक काय? आमच्याकडे यावरून वाद झाला.
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : गुरगुट्या भात मुद्दाम करतात. जास्त पाणी घालून, मंद आचेवर, शितं मोडेपर्यंत शिजवून घाटायचा, वर तूप-मीठ. गिचका होतो तो पाण्याचा अंदाज चुकल्यामुळे. शितं एकमेकांना चिकटतात आणि खाली गोळा बसतो. आसट या दोन्हींहून वेगळा, नेहमीच्या भातापेक्षा थोडासाच मऊ. तान्ह्या बाळासाठी तांदूळ आणि मूगडाळ भाजून, भरड काढून शिजवतात ती खिमटी. तुमच्याकडचा भात कुणी मुद्दाम मऊ केला असेल तर त्याला गिचका म्हणू नका, करणाऱ्याला ते लागतं.