पोर्टलंडला टायनी हाऊस घेण्याआधी पत्त्याचं बघा

तुमचा बेत असा आहे: नाशिकच्या गंगापूर रोडचा टू बीएचके विकायचा, एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला रुजू व्हायचं, आणि दरमहा भाडं भरण्यापेक्षा पोर्टलंडकडे कुणाच्या तरी परसात चाकांवरचं टायनी हाऊस विकत घेऊन तिघांनी राहायचं. मुलगी सात वर्षांची. फायदे-तोटे विचारलेत. व्हिसाच्या मुलाखतीचं, बॅगेच्या वजनाचं सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते परत लिहीत नाही.

आकाराला घाबरू नका. सिडकोतल्या दोन खोल्यांत सहा-सहा माणसं राहिलेली नाशिककराला सांगायला नकोत. २०० चौरस फुटांत तिघं राहू शकतात. केर-फरशी वीस मिनिटांत उरकते, हिवाळ्यात घर चटकन तापतं, ठेवायला जागाच नसल्यामुळे फालतू खरेदी होत नाही. परस असेल तर मेथी-कोथिंबीर तिथल्या गार हवेत झकास येते. खरा त्रास घराच्या आकाराचा नाही, पत्त्याचा आहे. त्यामुळे आधी तेच.

चाकांवरचं घर बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी वाहन असतं. पोर्टलंड शहराने २०२१ पासून निवासी प्लॉटवर असं एक घर किंवा आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) ठेवून राहायला परवानगी दिली आहे. आत नळ-संडास असेल तर ड्रेनेजची रीतसर जोडणी लागते. नसेल तर मुख्य घरातलं बाथरूम वापरायला मिळालं पाहिजे. पण ही सवलत शहराच्या हद्दीपुरती. हिल्सबरो आणि बीव्हर्टन ही वेगळी शहरं, त्यांचे नियम त्यांचे. दुसरी मेख म्हणजे टपालाच्या पत्त्यात पोर्टलंड लिहिलंय म्हणून जागा पोर्टलंड शहरातच असते असं नाही. वॉशिंग्टन काउंटीतल्या कितीतरी घरांच्या पत्त्यात पोर्टलंड असतं. मालक ‘इथे चालतं हो’ म्हणेल. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. प्लॉटचा नंबर देऊन तो कुठल्या हद्दीत येतो हे नियोजन विभागाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. शेजाऱ्याने तक्रार केली की नोटीस मालकाला येते आणि बाहेर पडायचं असतं तुम्हाला.

पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला एआर-११ फॉर्मने कळवावं लागतं. लायसन्सला, बँकेला राहत्या जागेचा पुरावा लागतो, आणि परसातल्या घराची वीज, पाणी, कचरा ही सगळी बिलं मालकाच्या नावावर. म्हणून लेखी लीज कराच. त्यात ‘मागच्या बाजूचं युनिट’ असा स्पष्ट उल्लेख हवा आणि तिघांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. इंटरनेटचं कनेक्शन पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर घ्या, कारण तेच बिल सगळ्यात लवकर हातात पडतं. पीओ बॉक्सच्या भरवशावर राहू नका.

‘चाकं आहेत, हवं तेव्हा हलवू’ असं तुम्ही लिहिलंय. एच-वन-बीवाल्याने ते विसरावं. तुमचा एलसीए, म्हणजे कंपनीने व्हिसासाठी कामगार खात्याकडे भरलेला अर्ज, कामाच्या जागेला बांधलेला असतो आणि घरून काम करत असाल तर घरही कामाची जागा ठरतं. पोर्टलंड महानगर क्षेत्रात इकडचं तिकडे झालात तर भागतं. ते क्षेत्र ओलांडून, समजा ओरेगनमधल्याच बेंड शहराला, घर नेलंत आणि तिथून काम करायचं म्हटलंत, तर हलण्याआधी कंपनीने नवीन एलसीए आणि सुधारित अर्ज भरावा लागतो. कंपनीच्या वकिलाला हा ईमेल किती आवडतो ते पाहाच. शिवाय नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. भाड्याचं घर असेल तर महिना-दोन महिन्यांच्या भाड्यावर सुटका होते. चाकांवरचं घर मात्र त्याच ६० दिवसांत विकायचं असतं. तुम्ही अडचणीत आहात हे गिऱ्हाइकाला कळतंच, आणि असल्या घराची किंमत फ्लॅटसारखी चढत नाही, गाडीसारखी उतरते.

आता शाळा. कुठल्या शाळेत जायचं ते पत्त्यावरून ठरतं. तुमची मुलगी वयाप्रमाणे पहिली-दुसरीत बसेल. प्रवेशाच्या कागदांत एक पान राहण्याच्या व्यवस्थेबद्दल असतं. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याप्रमाणे बेघर मुलांना कागदपत्रं नसली तरी ताबडतोब शाळेत घ्यावं लागतं, त्यासाठी ते पान. त्यावरचे पर्याय साधारण असे: निवारागृह, मोटेल, गाडी, कॅम्पग्राउंड, नाइलाजाने दुसऱ्यांच्या घरात. परसातल्या चाकांच्या घरासाठी वेगळी चौकट नसते. काउंटरपलीकडची बाई लीज वाचते, ‘म्हणजे आरव्हीच ना?’ म्हणते आणि पेनाच्या टोकाने एक चौकट दाखवते. मूल शेजारी उभं असतं, आणि सात वर्षांच्या मुलाला वाचता येतं. मला त्या पानाचा अजून राग येतो. तो कुणावर काढावा हेही कळत नाही, कारण कायदा खरोखर गरजू पोरांसाठी आहे आणि चांगला आहे. तुमच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा: कायद्यात ‘दुसरी पुरेशी जागा मिळत नाही म्हणून’ अशी अट आहे. तुम्ही निवडून तिथे राहताय, तेव्हा ती चौकट तुमची नाही. तसं शांतपणे सांगा. लीज, तुमच्या नावाचं एक बिल आणि मालकाचं ‘हे कुटुंब माझ्या जागेत राहतं’ असं प्रतिज्ञापत्र बरोबर न्या. शक्यतो त्या दिवशी मुलीला नेऊ नका.

लसींचं पण त्यातच सांगते. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी आपल्याकडच्या सरकारी वेळापत्रकात नाहीत, ओरेगनच्या शाळा मागतात. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर लागतं, म्हणून पहिला डोस नाशिकलाच देऊन टाका आणि डॉक्टरांकडून तारखांसकट इंग्रजीत लिहून घ्या.

आता घराच्या आत या. रस्त्यावरून विनापरवाना न्यायचं तर रुंदी साडेआठ फूट आणि उंची साडेतेरा फूट, हे तिथलं नेहमीचं माप. साडेतेरातून ट्रेलरचे दोन फूट वजा करा, तळ आणि छताच्या जाडीचा एक फूट वजा करा, उरले साडेदहा. खाली उभं राहायला साडेसहा हवेत. पोटमाळ्याच्या तळाची जाडी धरली तर वर साडेतीन फूट. तेही मधोमध, उतरतं छत असेल तर कडेला आणखी कमी. मुलगी आज तिथे बसू शकते. दहाव्या-अकराव्या वर्षी डोकं लागेल. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी परिशिष्ट क्यू आलं. त्यात पोटमाळा किमान ३५ चौरस फूट हवा आणि आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी. चाकांवरच्या घराला ही संहिता नेहमी लागू होत नाही, पण तुम्ही तिच्याच मापाने घर तपासा. पोटमाळ्याची खिडकी नुसती काचेची पट्टी असेल आणि तिच्यातून माणूस बाहेर पडू शकत नसेल, तर ते घर सोडून द्या. कितीही स्वस्त असो.

ओल हा पोर्टलंडमधला मुख्य शत्रू. तिथे पाऊस शरदापासून वसंतापर्यंत रिपरिपत राहतो, आपल्यासारखा चार महिने कोसळून मोकळा होत नाही. एवढ्या लहान जागेत तिघांचा श्वास, आंघोळ, कुकर, वाळत घातलेले कपडे यांची वाफ जायला वाटच नसते. प्रोपेनच्या शेगडीवर स्वयंपाक केलात तर एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात घरातच सुटतं. ती वाफ सगळ्यात गार पृष्ठभागावर बसते, म्हणजे खिडकीच्या चौकटीवर आणि पोटमाळ्यावरच्या गादीखाली. प्लायवूडवर थेट टाकलेली गादी एका हिवाळ्यात खालून काळी पडते. गादीखाली फळ्यांची जाळी टाकून हवा खेळती ठेवा, भिंतीपासून दोन इंच सोडा. शेगडी इंडक्शनची घ्या. चिमणीचा पाइप घराबाहेर निघालाच पाहिजे. हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी फोडणीपुढे निरुपयोगी आहे. चिमणी चालू असताना समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर हवा ओढायला तिला हवाच मिळत नाही. आर्द्रतामापक लावा आणि काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. साठच्या वर गेला की डीह्युमिडिफायर लावा.

आणि हो, गरम हवा वर चढते. हिंग-मोहरीचा वास तुमच्या उशीत जाऊन बसणार. धुराचा अलार्म फोटोइलेक्ट्रिक जातीचा घ्या, फोडणीला तो दुसऱ्या जातीपेक्षा कमी कोकलतो. वैतागून बॅटरी काढून ठेवू नका. एकच दार असलेलं लाकडी घर आहे ते.

संडासाबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. जाहिरातीतली टायनी हाऊसं कंपोस्ट टॉयलेट दाखवतात. त्यात लघवी पुढच्या डब्यात आणि मैला मागे, नारळाच्या काथ्यात, असं वेगळं राहतं. ते कोरडं राहिलं तरच वास येत नाही. आपण पाण्याने धुणार. दर वेळी अर्धा लिटर पाणी मागच्या भागात गेलं की चार दिवसांत चिखल होतो आणि घरात उभं राहवत नाही. पुढचा डबा साधारण आठ लिटरचा, तिघांत दोन दिवसांत भरतो, तो उचलून रिकामा करणं वेगळंच. तेव्हा ड्रेनेजला जोडलेलं, नेहमीचं फ्लशचं भांडं आणि हाताचा जेट असेल तरच घर बघा. टाकीवालं आरव्हीचं भांडं असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, मैला खाली साठून घट्ट होतो, आणि मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो. आंघोळीला मात्र आपली बादली जिंकते: २३ लिटरचा छोटा गीझर शॉवरला पाच-सात मिनिटंही पुरत नाही, बादली-तांब्याला बरोबर पुरतो.

विजेचं गणित जागा बघायला गेल्यावर तिथेच करा. ३० अँपिअरचं कनेक्शन १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देतं, सलग वापराला त्याच्या ऐंशी टक्के धरा. इंडक्शन १,८००, गीझर दीड हजाराच्या आसपास, त्यात हीट पंप (घर गरम करणारा एसी) चालू, की ब्रेकर पडलाच. ५० अँपिअरचं मागा. मालकाच्या गॅरेजमधून ओढलेली एक्स्टेन्शन वायर चालणार नाही, तिथूनच आग लागते. हीट पंप गारवाही देणारा असू दे. जून २०२१ मध्ये पोर्टलंडला पारा ४६ अंशांच्या वर गेला होता, आणि अशा उन्हात पोटमाळ्यावर झोपता येत नाही. थंडीत उघड्यावरचा पाण्याचा पाइप गोठतो, तेव्हा गरम राहणारा पाइप आणि घराखाली चारी बाजूंनी पत्रा किंवा फळ्या लावलेल्या हव्यात. नाशिकहून मिक्सर नेऊ नका. २३० व्होल्टचा मिक्सर १२० वर नुसता गुरगुरतो, आणि ट्रान्सफॉर्मर ठेवायला तुमच्याकडे कप्पा नसेल. ११० व्होल्टचे आपले मिक्सर तिथे मिळतात.

पैशांचं थोडक्यात. तयार, बऱ्यापैकी घर साठ हजार ते एक लाख डॉलर. गृहकर्ज मिळत नाही, कारण खाली स्वतःची जमीन नाही. आरव्ही कर्जाला पतइतिहास लागतो, जो नव्याने आलेल्याकडे नसतो, शिवाय बऱ्याच बँका कायम राहण्यासाठी ते देत नाहीत. जागेचं भाडं वेगळं, विमा वेगळा. म्हणजे फ्लॅट विकूनच.

वहिनींचा विचार तुमच्या प्रश्नात कुठे दिसला नाही. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, तुमच्या ग्रीन कार्डचा आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत, त्यांना सहसा नोकरी करता येणार नाही. तुम्ही ऑफिसात, मुलगी शाळेत, बाहेर पाऊस, आणि त्या दोनशे फुटांत. त्यांना लायसन्स आणि गाडी पहिल्या दोन महिन्यांत मिळालीच पाहिजे, बाकी सगळं मागाहून. एकटेपणाचं म्हणाल तर तो मोठ्या घरातही येतो. त्यावर अधिक लिहीत नाही.

माझं ऐकाल तर लहान घरच घ्या, पण पायावरचं आणि भाड्याने. पोर्टलंडमध्ये मुख्य घरामागे एडीयू म्हणतात तशी छोटी कायदेशीर घरं पुष्कळ आहेत. त्यांना बांधकाम परवानगी असते आणि बहुधा स्वतःचा पत्ता असतो. शाळेच्या त्या पानावर काही खूण करावी लागत नाही. लीज वर्षाचं करा आणि नोकरी गेल्यास लवकर सोडता येईल असं कलम मागा. खाजगी मालक असला तर पतइतिहासाऐवजी ऑफर लेटर आणि थोडी जास्त अनामत यावर बरेचदा तयार होतो.

आणि गंगापूर रोडचा फ्लॅट विकू नका. का, ते मला विचारू नका, मला ते हिशेबात मांडता येत नाही. भाड्याने द्या. निघण्यापूर्वी नात्यातल्या विश्वासू माणसाच्या नावे फक्त त्या फ्लॅटपुरतं मुखत्यारपत्र नोंदवून ठेवा, तिथून करायचं म्हटलं तर फार वेळ जातो. लीव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच करा. भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या खात्यात, घ्या, आणि तुम्ही अनिवासी झालात की भाड्यातून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूवर येते हे त्याला करारातच लिहून द्या. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसतं आणि नंतर आयकराच्या नोटिशीवरून दोघांत भांडणं होतात.