‘नक्की’ म्हणण्याआधी

प्रिय,

आपल्या लोकसंगीत महोत्सवाच्या समितीने यंदा कलाकार ऐकून निवडायला लोकसंगीताच्या परिषदेला तुला पाठवायचं ठरवलं, हे वाचून फार आनंद झाला. “ताई, तिथे जाऊन नेमकं करायचं काय?” असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगते. माझी पहिलीच परिषद होती. रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. हॉटेलच्या एका खोलीत पलंग भिंतीला उभा टेकवून पंधराएक खुर्च्या मांडल्या होत्या. माइक नव्हता, स्पीकर नव्हता. फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवणाऱ्या एक मध्यमवयीन बाई समोर बसल्या. हनुवटीखाली घेतलेला रुमाल पहिल्याच सुरावटीत घसरला, तो त्यांनी तसाच पडू दिला. त्या वाजवत होत्या आणि मधूनच खालच्या आवाजात गात होत्या. संपल्यावर काही क्षण कोणालाच टाळी वाजवायचं सुचलं नाही. मी उठून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी आमच्याकडे नक्की.”

त्या क्षणी ते अगदी मनापासून होतं. परत आले तर मुख्य मंचाच्या सगळ्या जागा भरलेल्या होत्या, पैसेही वाटून झाले होते. त्यांना काय तोंडाने कळवायचं, म्हणून मी काहीच कळवलं नाही. चार महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. आमच्या महोत्सवाचा आठवडा त्यांनी मोकळा ठेवला होता आणि त्यासाठी दुसरीकडचं आमंत्रण नाकारलं होतं. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. तारीख कळवाल का, एवढंच विचारलं होतं. ते पत्र आजही माझ्याकडे आहे.

म्हणून तुला मुख्य सांगणं हेच की तिथे ‘नक्की’ हा शब्द जपून वापर. आपल्याला तो कौतुकाचा वाटतो, पण कलाकार त्यावर वर्षाचं वेळापत्रक बांधतो. शोकेसला, म्हणजे आयोजकांपुढच्या छोट्या नमुना-मैफलीला, आलेले बरेच कलाकार पदरचे पैसे घालून आलेले असतात, नाहीतर कुठलं तरी अनुदान मिळवून. शोकेसचं मानधन बहुतेक ठिकाणी मिळत नाही. समोर बसलेल्या आयोजकांपैकी दोघा-तिघांनी बोलावलं तरच त्यांचा प्रवास वसूल होतो.

त्यामुळे तयारी निघण्याआधीच कर. आपल्या कोणत्या मंचावर किती जागा रिकाम्या आहेत, मानधनाला किती पैसे आहेत, प्रवास आणि मुक्काम त्यात धरलाय की वेगळा, आणि समितीचा निर्णय कोणत्या तारखेला होणार, हे एका कागदावर लिहून खिशात ठेव. निर्णयाची तारीख कोणी बरोबर नेत नाही, आणि कलाकाराला सगळ्यात जास्त हवी असते ती तीच. पैशांचा हिशेब आधी मांडायला का सांगते, तेही ऐक. ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली इंग्लंडमध्ये देशोदेशीच्या संगीताचा पहिला वोमॅड महोत्सव भरवला. संगीत एकाहून एक सरस होतं, पण कर्ज इतकं झालं की ते फेडायला गेब्रिएल यांच्या जुन्या जेनेसिस बँडला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकत्र येऊन मैफल करावी लागली. असा मित्र प्रत्येक आयोजकाला नसतो.

आता ऐकण्याबद्दल. वोमेक्स हा देशोदेशीच्या संगीताचा व्यावसायिक मेळा 1994 साली बर्लिनमध्ये सुरू झाला. तिथे दिवसा स्टॉल, भेटीगाठी आणि चर्चा असतात, संध्याकाळपासून निवड समितीने निवडलेल्यांचे शोकेस. उत्तर अमेरिकेत 1989 साली सुरू झालेल्या फोक अलायन्स या लोकसंगीत संस्थेच्या परिषदेची तऱ्हा वेगळी. तिथे अधिकृत शोकेस संपले की हॉटेलचे मजलेच्या मजले जागे होतात आणि खोल्याखोल्यांतून पहाटेपर्यंत गाणं चालतं. तू जाशील तिथे यातलं काहीही असो, एक पथ्य पाळ. ऐकायला बसलीस की शेवटपर्यंत बस. दहा मिनिटं ऐकून पुढच्या दारात डोकावणारे आयोजक तुला ढिगाने दिसतील. त्यांना आवाज कळतो, पण कार्यक्रम कळत नाही. चौथ्या गाण्याला कलाकार श्रोत्यांना कसा सांभाळतो, तार तुटली तर काय करतो, दोन गाण्यांमध्ये काय बोलतो, हे बसल्याशिवाय दिसत नाही.

ऐकताना आपला मंच डोळ्यांसमोर ठेव. अकरा मिनिटांची संथ कथागीतं बंद खोलीत अंगावर काटा आणतात, पण दुपारी उघड्या मैदानात, मागे जनरेटर सुरू असताना, तीच विरून जातात. हा कलाकाराचा दोष नाही, आपण चुकीच्या जागी बसवल्याचा दोष आहे. उलटही होतं. उत्तम दिवे आणि तगडी ध्वनियंत्रणा मिळाली की साधारण गटही भारी वाटतो. शंका आली तर तोच गट विनामाइक कुठे ऐकायला मिळतो का, ते शोध.

आणि हे विसरू नकोस की लोकसंगीतातलं बरंचसं मुळात मंचासाठी नाहीच. काही कामाबरोबर गायचं, काही रात्रभर चालणारं, काही ठरावीक विधीपुरतंच. “वीस मिनिटांत बसवा” असं सांगू नकोस. “आमच्याकडे चाळीस मिनिटं आहेत, त्यात यातलं काय मांडता येईल? काय मांडू नये?” असं विचार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कार्यक्रम अर्धा तिथेच उभा राहतो.

मानधनाचं बोलणं लाजत करू नकोस आणि रेटूनही करू नकोस. अमेरिकेतला न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव 1963 साली नव्याने उभा राहिला, तेव्हा नामवंत असो की अनोळखी, प्रत्येकाला सारखेच 50 डॉलर आणि वर प्रवास-मुक्काम, असं त्यांनी ठरवलं होतं. आज तो आकडा चालणार नाही, पण सगळ्यांना एकच माप ही रीत मला आजही पटते. निदान आपला आकडा स्वतःहून सांग. कलाकाराकडून आधी वदवून घेऊन मग कापत बसणं मला कधीच बरं वाटलं नाही.

चर्चासत्रांना एखाददुसरं जा, पुरे. तो वेळ शेजारच्या आयोजकांना दे. तुझ्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात ज्यांचे महोत्सव आहेत त्यांना शोधून काढ. तिघांनी मिळून एकाच गटाला बोलावलं तर प्रवासखर्च वाटला जातो, व्हिसाची धावपळ एकदाच होते आणि कलाकाराच्या हातात तीन मानधनं पडतात. मोठ्या महोत्सवांच्या करारात आसपास ठरावीक अंतरात, ठरावीक काळात दुसरीकडे वाजवू नये अशी अट असते. छोट्या कलाकाराला ती घालू नकोस. त्याचं पोट त्या शेजारच्या कार्यक्रमांवरच असतं.

परदेशातून कोणी येणार असेल तर वाद्य कशाचं आहे हे पहिल्याच भेटीत विचार. 2017 पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली शिसवाच्या जवळजवळ सगळ्या जातींच्या लाकडावर निर्बंध आले आणि गिटारवाल्यांची झोप उडाली. 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझीलचं शिसव 1992 पासून कडक यादीत आहे ते आहेच, आणि व्हायोलिनसारखं वाद्य ज्याने वाजवतात त्या जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंत असू शकतो. सीमेवर वाद्य अडकलं की तुझा मंच रिकामा राहतो.

नाही म्हणायचं कसं, याची तुला धास्ती आहे हे मला ठाऊक आहे. मी आता सरळ म्हणते, “तुमचं गाणं मला मनापासून आवडलं. यंदा आमच्याकडे जागा नाही. पुढच्या वर्षीची निवड अमुक महिन्यात होते, तेव्हा मी तुमचं नाव समितीपुढे ठेवीन, पण शब्द देऊ शकत नाही.” ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. तो मोकळा होऊन पुढच्या आयोजकाकडे तरी जातो.

रोज रात्री झोपण्याआधी, कितीही थकलीस तरी, कोणाशी काय बोललीस ते वहीत उतरव. तिसऱ्या दिवसापासून चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळतात. परत आल्यावर दोन आठवड्यांत त्यातल्या प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे, ज्यांना घ्यायचं नाही त्यांना आधी.

आलीस की वही घेऊन माझ्याकडे ये. एखाद्याला नाही लिहिताना हात अडला, तर ते पत्र आपण दोघी बसून लिहू.

तुझी,
ताई