वाचकांचे प्रश्न: काळ्या करंटच्या अर्काची डबी घेण्याआधी

ब्लॅक करंटच्या कॅप्सूलबद्दल गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. डोळ्यांसाठी, पळण्यासाठी, हिमोग्लोबिनसाठी असे ज्याचे त्याचे कारण वेगळे. त्यातली निवडक पत्रे घेतली आहेत. नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: रविवार पेठेतल्या सुक्यामेव्याच्या दुकानातून 'ब्लॅक करंट' आणते. रोज रात्री दहा-बारा भिजवून सकाळी खाते. मग कॅप्सूलची गरज उरते का? (सदाशिव पेठ)

तुम्ही खाताय ती बारीक, बिनबियांची काळी द्राक्षे आहेत, वाळवलेली. ग्रीसमधल्या कॉरिंथ गावावरून त्यांना इंग्रजीत करंट हे नाव पडले. कॅप्सूलमधला ब्लॅक करंट म्हणजे राइबीस नायग्रम, थंड प्रदेशातल्या झुडपाचे आंबटढाण, काळेभोर फळ. दोघांत नावापलीकडे नाते नाही. ताज्या ब्लॅक करंटमध्ये १०० ग्रॅमला १८० मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असते, तर मनुक्यांत ते नावालाच उरते. भिजवलेले मनुके पोट साफ राहायला चांगले, त्यासाठी जरूर खा. पण कॅप्सूलशी त्यांची तुलना करू नका.

आइसक्रीमच्या दुकानातला जांभळा 'ब्लॅक करंट' हाही बहुतेक वेळा स्वाद आणि रंगच असतो. डब्यावरची घटकांची यादी वाचली की खात्री पटेल.

प्रश्न: मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, दिवसभर स्क्रीनसमोर असतो. त्याने ऑनलाइन मागवलेल्या डबीवर '५०० मिलिग्रॅम, १०:१ अर्क' असे आहे. दुसऱ्या कंपनीची डबी '२०० मिलिग्रॅम, २५ टक्के अँथोसायनिन' म्हणते आणि ती महाग आहे. ५०० मिलिग्रॅमवाली जास्त चांगली ना? (कोथरूड)

बहुधा उलट. नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

ब्लॅक करंटच्या अर्कात आपल्याला हवे असते ते त्याचे गडद रंगद्रव्य, अँथोसायनिन. दुसऱ्या डबीचे गणित सरळ आहे. २०० चे २५ टक्के म्हणजे दर कॅप्सूलला ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन. पहिल्या डबीवर हा आकडाच नाही. १०:१ याचा अर्थ एवढाच, की दहा भाग कच्च्या मालापासून एक भाग अर्क काढला. म्हणजे ५०० मिलिग्रॅममागे ५ ग्रॅम माल. तो माल ताजे फळ असेल तर? ताज्या फळात जातीप्रमाणे १०० ग्रॅमला साधारण १५० ते ४०० मिलिग्रॅम अँथोसायनिन असते. मधला २५० धरा. ५ ग्रॅमला साडेबारा मिलिग्रॅम. माल वाळवलेला असेल तर ताज्या फळाचे ऐंशी टक्के पाणी आधीच गेलेले, म्हणून तोच आकडा पाचपट, साठच्या घरात. वाळवताना जास्त तापवला असेल तर पुन्हा कमी. '१०:१' तेच, आत साडेबारा असतील की साठ, हे डबी सांगत नाही.

म्हणून किंमत डबीची काढू नका, ५० मिलिग्रॅम अँथोसायनिनची काढा. समजा डबी ९०० रुपयांची, कॅप्सूल ६०, प्रत्येकीत १२ मिलिग्रॅम. पन्नासच्या जवळ जायला रोज चार लागतील, डबी पंधरा दिवसांत संपेल, महिन्याला १८०० रुपये. ५० मिलिग्रॅमच्या ३० कॅप्सूल १२०० ला मिळत असतील तर ती 'महाग' डबी स्वस्त ठरते.

कंपनीला ईमेल करून दोन गोष्टी विचारा. अँथोसायनिन कोणत्या पद्धतीने मोजले, आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल मिळेल का? एचपीएलसी पद्धतीत रंगद्रव्ये एकेक वेगळी होऊन दिसतात. ब्लॅक करंटमध्ये चारच मुख्य असतात: डेल्फिनिडिन आणि सायनिडिन, प्रत्येकाचे ग्लुकोसाइड व रुटिनोसाइड (साखर जोडलेली दोन रूपे). आलेखावर हे चार उंच शेंडे दिसले पाहिजेत. भलतेच शेंडे मोठे असतील तर दुसऱ्या फळाचा अर्क मिसळला आहे. नुसत्या रंगाच्या गडदपणावरून मोजणाऱ्या पद्धतीत ही भेसळ लपते. अहवाल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याची डबी आम्ही तरी घेऊ नका म्हणू.

डबीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, रोजचे प्रमाण आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना हवीच. तिथेच 'मधुमेह बरा होतो' असा दावा असेल तर तो कायद्याला धरून नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, आणि करावी.

आता मुलाच्या डोळ्यांबद्दल. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन घेतल्यावर अंधाराला डोळे सरावणे सुधारले आणि स्क्रीनवरच्या कामानंतरचा ताण कमी आढळला. माणसे मोजकी होती, त्यामुळे यावरून फार मोठी आशा धरू नये. स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात, एसीत डोळे कोरडे पडतात. त्यावर कॅप्सूल काही करत नाही. चष्म्याचा नंबर तपासून घेणे आणि दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघणे याने फरक लवकर पडेल.

प्रश्न: आईला (वय ६८) काचबिंदू आहे. रोज थेंब घालायचा तिला कंटाळा येतो. ब्लॅक करंटने काचबिंदू थांबतो असे वाचले. थेंब बंद करून हे सुरू करावे का? (बिबवेवाडी)

नाही. एक दिवसही नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

तुम्ही वाचले त्याच्या मुळाशी २०१२ साली प्रसिद्ध झालेला जपानी अभ्यास असावा. ३८ रुग्ण, रोज ५० मिलिग्रॅम अँथोसायनिन, दोन वर्षे. अर्क घेणाऱ्यांत दृष्टिक्षेत्राची घसरण कमी दिसली. पण हे सगळे रुग्ण डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब घालतच होते, अर्क त्याच्या जोडीला होता. तोही एकच छोटा अभ्यास. जोडीला घ्यायचा विचार असेल तर पुढच्या तपासणीला डबी सोबत नेऊन नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

थेंबांचा कंटाळा हा मात्र खरा प्रश्न आहे, तो डॉक्टरांसमोर मांडा. दिवसातून एकदाच घालायचे किंवा दोन औषधे एकत्र असलेले थेंब मिळतात. थेंब घातल्यावर आईंना डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरायला सांगा. औषध घशात कमी उतरते आणि कडवट चवही कमी लागते.

प्रश्न: डिसेंबरमधल्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे, रविवारी सिंहगड करतो. ग्रुपमधले काही जण ब्लॅक करंट घेतात. उपयोग होतो का? (कर्वेनगर)

थोडा, आणि सगळ्यांना नाही. २०१५ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ सायकलस्वारांनी सात दिवस रोज ३०० मिलिग्रॅम न्यूझीलंडच्या ब्लॅक करंटचा अर्क घेतला. त्यात अँथोसायनिन १०५ मिलिग्रॅम. १६.१ किलोमीटरची वेळ सरासरी २.४ टक्क्यांनी सुधारली, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आसपास. नंतरच्या काही अभ्यासांत असा फायदा दिसलाही नाही. करून बघायचे तर शर्यतीच्या सात दिवस आधीपासून, शेवटचा डोस पळण्याच्या सुमारे दोन तास आधी, आणि आधी एकदा लांब पल्ल्याच्या सरावात. शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदाच काहीही पोटात घालू नका. एरवी सरावाच्या काळात रोज घेण्याची गरज नाही.

प्रश्न: हिमोग्लोबिन ९.८ आहे. लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी म्हणून ब्लॅक करंट घेतले तर चालेल? (हडपसर)

फळात व्हिटॅमिन सी भरपूर, म्हणून अर्कातही असेलच असे नाही. डबीवर मिलिग्रॅममध्ये लिहिले नसेल तर नाही असेच समजा. शिवाय अर्कातली पॉलिफेनॉल (अँथोसायनिनसारखी वनस्पतींतली द्रव्ये) लोहाला धरून ठेवू शकतात, म्हणून दोघांत दोन तासांचे अंतर ठेवा.

व्हिटॅमिन सीसाठी पुण्यात परदेशी फळाची वाट बघायला नको. प्रौढ स्त्रीची रोजची गरज ६५ मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर मिळते, आवळ्यात त्याहून जास्त. खरा फायदा जेवणातले लोह शोषायला होतो. मेथीच्या भाजीवर शेवटी, गॅस बंद केल्यावर, लिंबू पिळा. नाचणीच्या भाकरीसोबत आवळ्याची कच्ची चटणी घ्या. शिजवलेल्या मोरावळ्यात व्हिटॅमिन सी बरेच कमी होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, निदान तासभर जाऊ द्या. ९.८ का झाले, पाळीत जास्त जाते का, हेही डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: बायपासनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. हे 'फळच' आहे, मग धोका काय? (औंध)

वॉरफॅरिन असेल तर डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीचा आकडा) हलला तर कशामुळे हलला हेच कळेनासे होते. ब्लॅक करंटच्या बियांचे तेल हा तर वेगळाच पदार्थ आहे. त्यात अँथोसायनिन नसते, गॅमा लिनोलेनिक आम्ल (एक स्निग्धाम्ल) १५ ते २० टक्के असते, आणि त्याने रक्त गोठणे मंदावू शकते. दुकानात दोन्ही डब्या शेजारी शेजारी असतात, नाव नीट वाचा. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल, दात काढायचा असेल तरी, अर्क किंवा बियांचे तेल दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा. गरोदरपणात व अंगावर पाजत असताना अर्क नकोच.

मुतखडा झालेल्यांनी 'ब्लॅक करंट विथ व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम' अशा जोड-गोळ्या टाळाव्यात. जादा सीचे शरीरात ऑक्झलेट होते, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. लघवीच्या पट्टी-तपासणीत अशा मोठ्या डोसमुळे साखर किंवा रक्त असूनही दिसत नाही, म्हणून तपासणीआधी दोन दिवस थांबा.

प्रश्न: पावडरची डबी जुलैत उघडली, पंधरा दिवसांत खडा झाला. खराब झाली का? रंग खोटा आहे का हे घरी कळेल? (धायरी)

अर्क सुटसुटीत राहावा म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात. ते हवेतले पाणी ओढते, आणि पावसाळ्यात पुण्यात हवेला पाण्याची कमी नसते. ओला चमचा गेला असेल तर खडा होणारच. खडा कोरडा आणि गडद जांभळा असेल तर मोडून वापरा. रंग तपकिरी झाला, आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर टाकून द्या. तपकिरी झाला याचा अर्थ अँथोसायनिन मोडले, आणि त्याच्यासाठीच तर पैसे दिले होते. डबीतली सिलिका जेलची पुडी आतच राहू द्या. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर काढल्यावर अर्धा तास बंदच ठेवा, मग झाकण उघडा, नाहीतर आत दव धरते. ओट्याशेजारचे आणि खिडकीतले कपाट नको.

रंगाची चाचणी सोपी आहे. पाव चमचा पावडर किंवा एक कॅप्सूल अर्धा कप पाण्यात विरघळवा आणि दोन पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्यांत ओता. एकीत अर्धा चमचा लिंबाचा रस पिळा, पाणी लालभडक होईल. दुसरीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पाणी आधी निळसर, मग हिरवटाकडे जाईल. दोन्ही वाट्यांत रंग होता तसाच राहिला तर तो बाहेरून घातलेला कृत्रिम रंग आहे. रंग पालटला तर अँथोसायनिन आहे, पण ते ब्लॅक करंटचेच आहे हे यातून कळत नाही. जांभूळ, कोकम, काळी द्राक्षेही अशीच पालटतात. त्यासाठी वर सांगितलेला एचपीएलसीचा अहवालच लागतो.

प्रश्न: गच्चीत ब्लॅक करंटचे झुडूप लावता येईल का? (बाणेर)

झुडूप काही दिवस जगेल, फळ धरणार नाही. त्याला हिवाळ्यात सात अंशांखाली हजाराच्या आसपास तास थंडी लागते. पुण्यात ती पहाटेचे काही तास पडते आणि दुपारी ऊन असते. गडद फळ घरचे हवे असेल तर मोठ्या पिंपात करवंद लावा. मे महिन्यात भोर-मुळशीकडून येणाऱ्या करवंदांचे बी लगेच पेरले तर उगवते, वाळवून ठेवले की उगवण पडते.