आंब्याच्या खोडावर पांढरट चट्टे आलेत आणि बुंध्याशी भुसा पडतोय. खोड खरवडून चुना मारू का?

चट्टे राहू द्या, आधी भुशाकडे बघा.

ते करडे-पांढरे पापुद्रे म्हणजे दगडफूल, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतलं. बुरशी आणि शेवाळाचा एकत्र संसार. सालीवर नुसतं बसतं, झाडाचा रस पीत नाही. कोकणातल्या दमट हवेत ते येणारच.

मी एका वर्षी तारेच्या ब्रशने खोड घासून लख्ख केलं होतं. साल सोलवटली ती सोलवटलीच, पण त्या नादात मागच्या बाजूचं भोक दिसलं नाही. पुढच्या पावसात मांडीएवढी फांदी काडकन मोडली. आत पोकळ, आणि पोकळीत बोटाएवढी जाड, पिवळट अळी आरामात पसरलेली. हा भिरूड, म्हणजे खोडकिडा. याचा भुंगेरा सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी महिनोन्‌महिने आतून लाकूड पोखरते. चुन्याने तिला काही होत नाही.

आज बुंध्याशी पडलेला भुसा झाडून टाका. उद्या सकाळी ताजा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे. भुसा पडतो तिथून वर बघत जा, भोक सापडेल. त्याच्या कडेने डिंकासारखा ओघळही असतो बऱ्याचदा. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा करा, भोकातला भुसा उकरून काढा आणि अळी लागली तर ओढून घ्या. नाही लागली तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलाने भोक घट्ट लिंपा (बिडीवाला मदतनीस असेल तर त्याला लांब बसवा). आठवडाभर रोज बुंधा बघा. पुन्हा भुसा दिसला तर दुसरं भोक आहे, ते शोधा.

चुन्याची हौस असेलच तर बोर्डो पेस्ट करा. 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत 5-5 लिटर पाण्यात कालवायचे, चुना निवला की दोन्ही एकत्र करायचे. त्यात लोखंडी सुरी बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पावसाच्या तोंडावर बुंध्याला कमरेपर्यंत लावायची. ही बुरशीसाठी आहे, आतल्या अळीसाठी नाही.

आणि एकदा मान वर करून फांद्या बघा. मध्येच वेगळ्याच जाड पानांचा झुबका, त्यात नळीसारखी लालसर फुलं दिसली तर ते बांडगूळ. ते मात्र खरोखर झाडाचं पितं. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं, म्हणून जिथे चिकटलंय त्याच्या हातभर खालून फांदीच छाटा आणि छाटलेल्या जागी हीच पेस्ट लावा. बी पसरवतो तो इवलासा फुलटोच्या. चिकट बी फांदीला पुसून जातो. शेजाऱ्यांच्या झाडावर बांडगूळ असेल तर तेही काढायला सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्याकडे परत हजर.