विद्यापीठाच्या फाटकासमोर खानावळ टाकावी का?

प्रश्न असा होता: "आमच्या गावालगत विद्यापीठाचं उपकेंद्र येणार असं ऐकतो. रस्त्याला लागून आमची सहा गुंठे जागा आहे. खानावळ किंवा झेरॉक्सचं दुकान टाकावं का? विद्यापीठ आलं की स्थानिकांचे धंदे वाढतातच ना?"

वाढतात. आणि मग अडकतात. मी एकोणीस वर्षं कोकणात एका शासकीय विद्यापीठाच्या आवाराबाहेर खानावळ चालवतेय. कुठलं विद्यापीठ ते सांगणार नाही, मला तिथेच राहायचंय. पण तुमचं ते शेवटचं "ना?" वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

कोकणातल्या कला-वाणिज्य-विज्ञान कॉलेजांना स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी मलाही पटते. सोलापूरला २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं, गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना झालं, आणि आमच्या सावंतवाडीच्या पोराने मात्र पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईकडे बघायचं. यायलाच हवं. माझं म्हणणं ते आल्यानंतरचं आहे.

आधी धंद्याचं. कोकणातलं विद्यापीठ म्हणजे पुण्यातलं नव्हे. गणपतीत वसतिगृह रिकामं, शिमग्यात रिकामं, दिवाळीत रिकामं, मे महिना तर पूर्ण गेला. हातात जेमतेम साडेसात महिने राहतात आणि तेवढ्यात वर्षाचं भाडं, गॅस, बाईमाणसांचा पगार काढायचा. शिवाय नवी मुलं येतात ती जून-जुलैत, ऐन मासेमारी बंदीत. पहिल्याच आठवड्यात ती "काकी, सुरमई?" म्हणून विचारतात आणि बाजारात असतो बर्फातला बांगडा, नाहीतर सुकं. जूनमधला भाव बघून वर्षभराच्या डब्याचा दर ठरवू नका, मी दोनदा फसलेय.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या विद्यापीठात तीन दिवसांचा आंतरमहाविद्यालयीन कार्यक्रम होता. जेवणाचा ठेका बाहेरच्या माणसाकडे होता, त्याने आदल्या दिवशी हात वर केले. रात्री साडेनऊला फोन आला, "काकी, उद्यापासून साडेतीनशे ताटं लागतील. आमची लाज राखा." वर्कऑर्डर विचारली तर म्हणाले, कागद मागाहून काढू. मी हो म्हटलं, कारण ती मुलं माझ्याकडे जेवणारी होती आणि पाहुणी मुलं उपाशी राहिली असती.

वाडीतल्या बचत गटाच्या सात जणी गोळा केल्या. पाटल्या पतपेढीत ठेवून ऐंशी हजार उचलले, किराणा उधारीवर आणला, तीन क्विंटल तांदूळ घेतला. साडेतीनशे माणसांना नाश्त्याला घावन म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. पहाटे तीनला मागील दारी तीन चुली पेटवल्या, बिडाचे तीन तवे, आणि एकीने पीठ नुसतं ढवळत बसायचं, कारण पीठ खाली बसलं की घावन फाटतं. दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ, पोळी, डाळ-भात, सोलकढी. तीन दिवस एकही ताट कमी पडलं नाही. शेवटच्या रात्री परजिल्ह्यातल्या मुली आत येऊन पाया पडून गेल्या.

बिल झालं २ लाख २० हजार ५०० रुपये. दोन्ही वेळचं जेवण प्रत्येकी नव्वद रुपये, नाश्ता तीस, यात मला काय सुटलं असेल ते तुम्हीच बघा. आठवड्यात बिल दिलं. पहिला शेरा आला, कार्यादेश, म्हणजे तीच वर्कऑर्डर, जोडलेला नाही. मग, एवढ्या रकमेला तीन दरपत्रकं का नाहीत. रात्री साडेनऊला मी कुणाकडून दरपत्रकं आणणार होते? मग जीएसटी क्रमांक नाही. माझी उलाढाल वीस लाखांच्या आत, मला नोंदणीची सक्तीच नव्हती, हे तिथे बसलेल्यांना मी सांगायचं! असे अकरा महिने गेले. सात जणींची मजुरी मी घरातून दिली. पाटल्यांवर व्याज चढत होतं.

एकदा लेखा विभागात गेले तेव्हा एक साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, "विद्यापीठ आहे म्हणून तुमची चूल पेटते, जरा धीर धरा." आजूबाजूच्या टेबलांवर सगळे गप्प. मीही काही बोलले नाही. घरी येऊन सांगितलं तर मोठे भाऊजी म्हणाले, "बरोबरच बोलले ते. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही, म्हणून इथे उत्तर देते. विद्यापीठाचं पहिलं वर्ष मला आठवतं. आत मेस नव्हती, वसतिगृहाच्या अर्ध्या खोल्यांना दारं नव्हती. पहिल्या तुकडीची बत्तीस मुलं आमच्या पडवीत जेवायची, पावसात लाईट गेली की कंदील लावून. घरून मनीऑर्डर आली नाही तर महिना-महिना वहीत लिहून ठेवायचं. माझी चूल त्यांच्यामुळे पेटली असेल, पण तुमचे वर्गही आमच्या चुलीमुळे भरले. त्यात एकाने दुसऱ्यावर कसला उपकार केला?

शेवटी माझ्या भाच्याने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. आम्ही फक्त एवढंच मागितलं: या बिलाच्या नस्तीची, म्हणजे फाईलची, प्रत, सगळ्या टिप्पण्यांसकट. प्रत हातात आली तेव्हा कळलं, फाईल एकाच टेबलावर चार महिने पडून होती आणि तिथे पेनाने लिहिलं होतं, "पुरवठादार स्थानिक असल्याने तातडी नाही." त्याच कार्यक्रमाच्या मांडववाल्याचे पैसे मात्र सव्वीस दिवसांत निघाले होते. तो बाहेरचा, तो वकील लावेल. आम्ही गावातले, रोज सकाळी समोर दिसणार, म्हणून आम्ही थांबायचं. ही एक ओळ वाचेपर्यंत मला वाटत होतं की चूक माझ्या कागदांत आहे.

अर्जानंतर पाच आठवड्यांत पैसे आले, एक टक्का टीडीएस कापून २ लाख १८ हजार २९५. व्याज एक पैसाही नाही. ते मागताही आलं नाही, कारण तेव्हा माझी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, नव्हती. म्हणून तुम्हाला सांगते, फळी ठोकायच्या आधी ती करून घ्या, फुकट होते. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात पैसे देण्याची मुदत लेखी ठरवली तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे नेता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर पंधरा दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ. दाद सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर मागायची. हे सरकारी खरेदीदारालाही लागू आहे. मात्र नोंदणी काम घेण्याआधीची असू द्या, मागाहूनच्या नोंदणीवर वाद होतात. आणि नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानाला या तरतुदीचा उपयोग नाही, माल बनवणारे आणि सेवा देणारे यांनाच आहे. म्हणजे खानावळीला मिळेल, वह्या-पेनं विकणाऱ्याला नाही.

भाऊजी अजून म्हणतात, मी संबंध बिघडवले. कुठे बिघडले? त्याच विद्यापीठाचे प्राध्यापक आजही माझ्याकडे जेवतात. पुढच्या वर्षी वसतिगृहाच्या शुल्कातच मेसचे पैसे धरले गेले आणि माझे निम्मे डबे गेले, ते माझ्या अर्जामुळे असं भाऊजींना वाटतं. मला नाही वाटत. दुसऱ्या जिल्ह्यांतही तेच होत होतं. आणि खरं सांगायचं तर गरिबाघरच्या मुलींना आतली मेस स्वस्त पडते, रात्री बाहेर यावं लागत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की निर्णय एप्रिलमध्ये झाला आणि आम्हाला कळलं जूनमध्ये, तोवर मी वर्षभराचा तांदूळ भरून बसले होते.

झेरॉक्सचं मला फारसं कळत नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं म्हणणं, नोट्स मोबाईलवर फिरायला लागल्यापासून तो प्रोजेक्टच्या बाइंडिंगवर जगतो. पुस्तकांच्या प्रतींची भीती असेल तर एवढं माहीत असू द्या: दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला होता. विद्यापीठही प्रतिवादी होतं. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी काढलेल्या अशा प्रतींना प्रताधिकार कायद्यात मुभा आहे असं सांगितलं. विद्यापीठ आणि दुकान एका बाजूला उभे राहिल्याचं ते एक उदाहरण मी मनात जपून ठेवलंय. सिगारेट-गुटख्याचा गल्ला मात्र ठेवूच नका. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या एका पुडीवरून तुमचं सगळं दुकान उचललं जाईल.

टपरी टाकायचा विचार असेल तर गाव ग्रामपंचायतीत येतं की नगरपंचायतीत, ते बघा. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा शहरी भागापुरता आहे. नगरपंचायतीत हटवण्याआधी तीस दिवसांची नोटीस मागता येते, ग्रामपंचायतीत तो आधार नाही. तुमची स्वतःची जागा आहे, तुम्ही सुखी आहात.

आणि आपल्या लोकांचंही ऐकून घ्या. आमच्याकडे एका खोलीत आठ पोरं कोंबून पावती न देता भाडं घेणारे आहेत, डाळीत पाणी वाढवणारे आहेत. विद्यापीठाने त्यांच्यावर विश्वास का ठेवावा? सगळेच साहेब तसे नव्हते, हेही खरं. माझी फाईल शेवटी पुढे सरकवणारी एक लिपिक बाईच होती, तिने स्वतः फोन करून कुठे सही राहिलीय ते सांगितलं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: खानावळ टाका, पण सहा गुंठ्यांत कर्ज काढून स्लॅब टाकू नका. पहिली दोन वर्षं पत्र्याची शेड, पंचवीस-तीस डबे. विद्यापीठाच्या कुठल्याही कामाला लेखी कागद हातात आल्याशिवाय हो म्हणू नका, कितीही रात्री फोन आला तरी. आणि सगळ्यात आधी उपकेंद्राचा मंजूर नकाशा मागा, नाही दिला तर दहा रुपयांचा अर्ज टाका. मुख्य फाटक तुमच्या रस्त्याला निघतंय की मागच्या बाजूला, ते त्यात दिसेल. आमच्याकडे ते मागे नेलं, तेव्हा रांगेतली चौदा दुकानं एका मोसमात बसली.